बिनडिस्कचे संगणक सुरू होत नाहीत तेव्हा दोष कोठे शोधावा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. तेव्हापासून आपल्या अनेक पेढ्यांवर एकच प्रश्न उभा आहे. संगणक जुने आहेत, पण धडधाकट आहेत. विंडोज ११ मात्र त्यांना स्वीकारत नाही, कारण ते टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि अलीकडचा प्रोसेसर मागते. पाच-सात काउंटरचे सर्व संगणक एकाच वेळी बदलणे हा लहान खर्च नव्हे. म्हणून काहींनी वेगळी वाट धरली आहे. आतल्या खोलीत एक दमदार सर्व्हर ठेवायचा, बाहेरच्या संगणकांतील हार्ड डिस्क काढून टाकायची आणि नेटवर्कच्या तारेवरूनच त्यांना चालू करायचे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या ठिकाणी, जेथे धूळ, उष्णता आणि विजेचा लपंडाव हार्ड डिस्कचे आयुष्य कमी करतो, तेथे ही सोय खरोखर उपयोगी आहे.

ही व्यवस्था उभी कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ते काम जाणकार माणूस दोन दिवसांत करून देतो आणि निघून जातो. विषय आहे तो नंतरच्या त्या दिवसाचा, ज्या दिवशी ती चालत नाही. महिन्याची १० तारीख आहे, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरायचे आहे; किंवा ईदचा सीझन आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि चारही काउंटरवर काळ्या स्क्रीनवर एक इंग्रजी ओळ येऊन थांबली आहे. आपण मेकॅनिकला फोन करतो. तो विचारतो, “काय लिहून आले आहे?” आपण सांगतो, “काहीतरी इंग्रजीत आले आहे.” येथेच अर्धा दिवस वाया जातो. वास्तविक ती ओळच सांगत असते की गाडी कोणत्या मुक्कामावर अडली. आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले लोक ती ओळ पाहून नजर वळवतात. पण ती वाचण्यास इंग्रजीची विद्वत्ता लागत नाही. तिच्यातील अक्षर-आकडा कागदावर उतरवून घेणे पुरेसे आहे.

चालू होताना काय घडते

बिनडिस्कचा संगणक म्हणजे दुकानात रोज सकाळी नव्याने येणारा पोऱ्या, ज्याला कालचे काहीच आठवत नाही. बटण दाबले की त्याच्या नेटवर्क कार्डातील एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला पीएक्सई म्हणतात. इंटेल कंपनीने त्याची २.१ ही नियमावली १९९९ साली प्रसिद्ध केली आणि आजही जुनी-नवी बहुतेक कार्डे तिच्याच वाटेने चालतात. हा पोऱ्या दारात उभा राहून मोठ्याने ओरडतो, “कोणी आहे का? मला बसायला जागा द्या आणि माझे काम कोणत्या चिठ्ठीत लिहिले आहे ते सांगा!” ही हाक तारेवरील प्रत्येकाला ऐकू जाते. तिला उत्तर देणारा जो असतो तो डीएचसीपी सर्व्हर. तो दोन गोष्टी देतो. पहिली म्हणजे आयपी पत्ता, अर्थात बसायची जागा. दुसरी म्हणजे कोणत्या सर्व्हरवरून कोणती फाईल उचलायची याची चिठ्ठी.

चिठ्ठी मिळाली की पोऱ्या वखारीकडे जातो आणि टीएफटीपी नावाच्या खिडकीवर ती फाईल मागतो. ही पद्धत फार जुनी, १९८१ पासून लेखी स्वरूपात असलेली. तिच्यात नाव-पासवर्ड काही नाही. मागितले की मिळते, नसेल तर नकार मिळतो. त्या पहिल्या छोट्या फाईलमधून पुढे मोठा माल येतो, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, आणि त्याच्यासोबतचे गाठोडे इनिटआरडी. कर्नल चालू झाल्यावर तो सर्व्हरवरील मोठी डिस्क, बहुधा एनएफएस या पद्धतीने, आपली समजून जोडून घेतो. त्यानंतर नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी दिसते.

म्हणजे मुक्काम पाच झाले: तार, पत्ता, फाईल, कर्नल, डिस्क. प्रत्येक मुक्कामाचा बिघाड वेगळा दिसतो. मागचा मुक्काम गाठला असेल तर त्याच्या आधीचे सर्व ठीक आहे असे धरून चालावे. स्क्रीनवर कर्नलच्या ओळी धावताना दिसत असतील तर केबल बदलत बसण्यात अर्थ नाही.

एक शब्दभेद येथेच सांगून ठेवतो, कारण बाजारात त्यावरून गोंधळ आहे. ज्याचे प्रोग्राम सर्व्हरवर चालतात आणि समोर फक्त चित्र येते तो ‘थिन’ संगणक. ज्याची डिस्क सर्व्हरवर आहे पण प्रोग्राम स्वतःच्याच प्रोसेसरवर आणि मेमरीवर चालतात तो ‘फॅट’. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ साली सुरू केलेली एलटीएसपी ही लिनक्सची मोफत प्रणाली पूर्वी पहिल्या प्रकारासाठी ओळखली जाई. २०१९ साली ती नव्याने लिहिली गेली आणि आता तिचा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे. चालू होण्याचा मार्ग मात्र दोघांचा एकच, त्यामुळे खालील तपास दोघांनाही लागू आहे. मी उदाहरणे एलटीएसपीचीच घेतो.

सर्वप्रथम: एक की सगळे?

हात लावण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. एकच संगणक बंद असेल तर दोष त्या संगणकात, त्याच्या केबलमध्ये किंवा स्विचच्या त्या भोकात आहे. सगळेच बंद असतील तर बाहेरच्या संगणकांना हात लावू नये; दोष सर्व्हर, मुख्य स्विच किंवा राउटरकडे आहे. काही चालतात आणि काही नाही, असा तिसरा प्रकार असेल तर चालणाऱ्यांत आणि न चालणाऱ्यांत काय समान आहे ते पाहावे. ते एकाच लहान स्विचवर आहेत काय? एकाच मॉडेलचे आहेत काय?

एकच बंद असल्यास सर्वात स्वस्त परीक्षा अशी: चालणारा संगणक उचलून बंद संगणकाच्या जागी त्याच केबलवर लावावा. तो तेथे चालला तर दोष संगणकाचा. तोही अडला तर दोष जागेचा. या एका अदलाबदलीने निम्मा तपास संपतो. पण एका वेळी एकच वस्तू बदलावी. केबल, भोक आणि संगणक तिन्ही एकदम बदलून काम झाले, तर कशाने झाले हे कधीच कळत नाही आणि खराब केबल पुन्हा कपाटात जाऊन बसते.

तारेचा मुक्काम

पीएक्सई-ई६१ आणि ‘मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ असे आले तर कार्डाला तार जोडलेलीच दिसत नाही. कार्डाचा आणि स्विचचा दिवा पाहावा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. वखार मागच्या गल्लीत असेल तर हे मोजून घ्यावे. गिगाबिटच्या वेगाला केबलमधील आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून उंदराने एखादी तार कुरतडली असता संगणक चालू होतो, पण बैलगाडीच्या वेगाने. लूमच्या मोटारींच्या वायरिंगला बांधून नेटवर्कची केबल नेऊ नये. आणि वाय-फायवरून हे संगणक चालू होतील अशी अपेक्षा धरू नये. कार्डातील पीएक्सईला साधारणपणे तारच लागते.

एक विचित्र प्रकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. झाडलोट करताना कोणीतरी लोंबकळणारी केबल पाहून तिचे मोकळे टोक त्याच स्विचमध्ये खोचतो. साध्या स्विचमध्ये मग तीच हाक गोल गोल फिरत राहते, सर्व दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि सगळे दुकान ठप्प होते. ते टोक काढताच सर्व ठीक.

पत्त्याचा मुक्काम — सर्वाधिक तक्रारी येथेच

पीएक्सई-ई५१ म्हणजे हाक मारली, पण कोणीच पत्ता दिला नाही. पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण चिठ्ठीत फाईलचे नावच नव्हते. हे दोन आकडे दिसायला शेजारी असले तरी त्यांचे इलाज अगदी वेगळे आहेत. नवीन यूईएफआय पद्धतीच्या संगणकांवर पहिल्याच्या जागी पीएक्सई-ई१६ दिसतो.

आधी ई५३ घेऊ, कारण दुकानांत तोच जास्त आढळतो. माझ्या परिचयातील एका कापडाच्या पेढीवर महिनाभर व्यवस्थित चाललेले संगणक एका सकाळी अर्धे चालू, अर्धे बंद असे झाले. बंद झालेले पुन्हा बटण दाबल्यावर कधी चालत, कधी नाही. सर्व्हरला शिव्या देऊन झाल्या. अखेर कळले की आदल्या दिवशी मालकाच्या चिरंजीवांनी मोबाईलसाठी एक नवा वाय-फाय राउटर आणून त्याच स्विचला जोडला होता. या राउटरमध्येही एक डीएचसीपी सर्व्हर असतो आणि तो कारखान्यातून चालू स्थितीतच येतो. पोऱ्याने दारात हाक मारली की आता दोघे उत्तर देत. सर्व्हरचे उत्तर आधी आले तर संगणक चालू. राउटरचे आधी आले तर जागा मिळे, पण चिठ्ठी कोरी. जो बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, तेथे दुसरा उत्तर देणारा आहे काय, हे पहिल्याने तपासावे.

इलाज तीन आहेत. राउटरमधील डीएचसीपी बंद करून ते काम सर्व्हरकडे द्यावे. किंवा सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे लावावीत. एकावर इंटरनेट आणि दुसऱ्यावर फक्त बिनडिस्कचे संगणक, मध्ये कोणी नाही. एलटीएसपी अशा दुसऱ्या कार्डासाठी १९२.१६८.६७.१ हा पत्ता गृहीत धरते. तिसरा इलाज ‘प्रॉक्सी डीएचसीपी’चा. यात पत्ता राउटरनेच द्यायचा आणि सर्व्हरने केवळ चिठ्ठी पुरवायची. सायमन केली यांनी लिहिलेला डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम हे उत्तम करतो आणि एलटीएसपी तोच वापरते. हा मार्ग सर्वात सोपा, कारण राउटरला हात लावावा लागत नाही. पण काही जुन्या कार्डांना दोन ठिकाणची उत्तरे नीट जोडता येत नाहीत. माझे मत विचाराल तर जेथे हिशेबाचे काम आहे तेथे दोन कार्डांचाच मार्ग घ्यावा. एका जादा कार्डाची किंमत एका बंद दिवसाच्या धंद्यापुढे काहीच नाही.

प्रॉक्सीच्या व्यवस्थेत पीएक्सई-ई५२ आला, तर चिठ्ठी देणारा हजर आहे, पण पत्ता देणारा गैरहजर, असे समजावे. राउटर बंद पडला असेल किंवा त्याचे पत्ते संपले असतील. पत्ते संपणे ही गोष्ट सीझनमध्ये हमखास घडते. राउटरला जर पन्नासच पत्ते वाटण्याची मुभा दिली असेल आणि दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाय-फायचा पासवर्ड सांगितला जात असेल, तर दुपारपर्यंत सर्व जागा मोबाईलांनी अडवलेल्या असतात. माणूस निघून गेला तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याचा पत्ता अडकून राहतो. पत्त्यांची संख्या वाढवावी, मुदत कमी करावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे.

आता ई५१. सर्व संगणकांवर हाच आकडा असेल तर सर्व्हरवरील डीएचसीपीची सेवा बंद आहे किंवा सर्व्हरची केबल निघाली आहे. वीज गेल्यानंतर हे फार होते आणि त्यात वास्तविक बिघाड काहीच नसतो. वीज आली की बाहेरचे हलके संगणक काही सेकंदांत हाका मारू लागतात. सर्व्हर मात्र अजून आपली डिस्क तपासत असतो. तो तयार होईपर्यंत पोरे थकून गप्प बसतात. दहा मिनिटे थांबून पुन्हा बटण दाबले की सर्व सुरळीत. सर्व्हर आणि मुख्य स्विच दोन्ही यूपीएसवर असावेत. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर असतो आणि स्विच मात्र साध्या बोर्डावर.

महागड्या, म्हणजे ज्यांत सेटिंग करता येते अशा स्विचमध्ये आणखी एक भानगड असते. त्यांत स्पॅनिंग ट्री नावाची पहारेकऱ्याची व्यवस्था असते. वर सांगितलेली गोल फिरणारी हाक रोखण्यासाठी हा पहारेकरी, एखादे भोक नव्याने जागे झाले की, १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो. ३० सेकंद कोणाला आत सोडत नाही. इकडे पीएक्सई ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशा वाढत्या अंतराने चार वेळा हाक मारते. सर्व कार्डे इतका धीर धरत नाहीत आणि काही आधीच माघार घेतात. शिवाय कर्नल चालू होताना कार्ड एकदा बंद होऊन पुन्हा चालू होते, तेव्हा पहारेकऱ्याचे ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात! म्हणून पहिली फाईल मिळूनही संगणक पुढे अडकतो. याची परीक्षा गमतीची आहे. त्या संगणकाच्या आणि मोठ्या स्विचच्या मध्ये एक साधा, स्वस्त, पाच भोकांचा स्विच ठेवावा. संगणक बंद-चालू झाला तरी मोठ्या स्विचचे भोक आता जागेच राहते. असे करून संगणक चालू झाला तर गुन्हेगार सापडला. कायमचा इलाज म्हणजे त्या भोकांवर ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ हे सेटिंग लावणे. ते फक्त संगणक जोडलेल्या भोकांवर लावावे, दुसरा स्विच जोडलेल्या भोकावर नव्हे.

आणि शहानिशा करायचीच असेल तर सर्व्हरवर टीसीपीडम्प किंवा वायरशार्क चालवून ६७ आणि ६८ क्रमांकाच्या पोर्टवरील बोलणे ऐकावे. सुरळीत व्यवहारात चार वाक्ये दिसतात: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅक. अर्थात चौकशी, देकार, मागणी, पावती. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. चौकशीच आली नाही तर दोष वाटेत आहे. चौकशी आली पण देकार गेला नाही तर सेवा किंवा फायरवॉल पाहावी. दोन पत्त्यांवरून दोन देकार दिसले तर तो चिरंजीवांचा राउटर.

फाईलचा मुक्काम

पीएक्सई-ई३२ म्हणजे खिडकी उघडलीच नाही. पीएक्सई-टी०१ किंवा ई३बी म्हणजे खिडकी उघडली, पण ‘असा माल नाही’ असे उत्तर मिळाले. यूईएफआयवर अनुक्रमे ई१८ आणि ई२३ दिसतात.

माल नाही, हे उत्तर आल्यास चिठ्ठीतील नाव आणि प्रत्यक्ष फाईलचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. लिनक्समध्ये इंग्रजीची मोठी आणि लहान लिपी वेगवेगळी मानली जाते. फाईल सर्वांना वाचता येईल अशी परवानगी तिच्यावर हवी. खिडकी उघडत नसेल तर फायरवॉल तपासावी. टीएफटीपी ६९ क्रमांकाच्या पोर्टवर मागणी घेते, पण माल दुसऱ्याच पोर्टवरून पाठवते. त्यामुळे ६९ उघडे असूनही गाडी अडते. नेटवर्कवरील दुसऱ्या चालू संगणकावरून तीच फाईल टीएफटीपीने उचलून पाहावी. तेथे मिळाली तर सर्व्हर निर्दोष.

काही संगणक चालतात आणि काही नाही, या तक्रारीचे मोठे कारण येथे आहे. जुने संगणक बायोस पद्धतीचे, नवे यूईएफआय पद्धतीचे. दोघांना लागणारी पहिली फाईल वेगळी असते. एलटीएसपीत बायोससाठी अनडायओन्ली डॉट केपीएक्सई आणि यूईएफआयसाठी एसएनपीओन्ली डॉट ईएफआय. एकाची दुसऱ्याला दिली तर फाईल उतरते आणि स्क्रीन तशीच राहते, किंवा संगणक मुकाट्याने पुढच्या पर्यायाकडे जातो. हाक मारताना संगणक आपली जात सांगतो. डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या रकान्यात ० असेल तर जुना बायोस, ७ असेल तर ६४ बिटचा यूईएफआय. डीएनएसमास्क हे वाचून योग्य चिठ्ठी देऊ शकतो. राउटरचा डीएचसीपी बहुधा देऊ शकत नाही. यूईएफआयच्या संगणकावर ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास स्वाक्षरी नसलेली फाईल तो नाकारतो. ते सेटिंग बंद करून पाहावे.

या पहिल्या फाईलमध्ये आयपीएक्सई नावाचा प्रोग्राम असतो. तो चालू झाल्यावर पुन्हा एकदा पत्ता मागतो. सर्व्हरने त्याला ओळखले नाही आणि पुन्हा तीच पहिली फाईल दिली, तर तो स्वतःलाच पुन्हा चालू करतो, पुन्हा मागतो, पुन्हा मिळवतो. स्क्रीनवर तेच तेच धावत राहते. हा दोष संगणकाचा नसून सर्व्हरवरील चिठ्ठीचा आहे. आयपीएक्सई आला तर त्याला पुढची यादी द्यायची, असा नियम तेथे लिहावा लागतो. एरवी आयपीएक्सई फार सभ्य प्रोग्राम आहे. अडला तर एक लांब क्रमांक आणि त्या क्रमांकाच्या पानाचा पत्ता दाखवतो. त्याचा मोबाईलने फोटो काढून जाणकाराला पाठवावा.

कर्नल आणि डिस्क

येथवर आलेल्यांना एक कोडे पडते. पीएक्सईने पत्ता मिळवला, फाईल उतरवली आणि कर्नल म्हणतो की नेटवर्क कार्डच सापडत नाही! कारण असे की पीएक्सई कार्डाच्या पोटातील स्वतःचा ड्रायव्हर वापरते. कर्नलला मात्र आपला ड्रायव्हर आपल्या गाठोड्यातून, इनिटआरडीतून, काढावा लागतो. तो तेथे नसेल तर मालाची वाट तेथेच बंद. कर्नल पॅनिक आणि ‘अनेबल टू माउंट रूट’ अशी ओळ बहुधा यामुळे किंवा इनिटआरडी अर्धवट उतरल्यामुळे येते. नवीन मॉडेल घेताना त्यातील नेटवर्क चिपचा ड्रायव्हर आपल्या लिनक्समध्ये आहे की नाही, हे दुकानदाराकडेच एक संगणक चालवून पाहावे आणि मगच दहा नग उचलावेत.

ड्रायव्हर आहे, पत्ता मिळाला, तरी डिस्क जोडली जात नसेल तर सर्व्हरवरील एनएफएसची सेवा चालू आहे काय, २०४९ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे काय आणि ज्यांना डिस्क द्यायची त्या यादीत आपल्या जाळ्याचा पत्ता आहे काय, ते पाहावे. चालू कामात ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग’ असे येऊन सगळे गोठले, तर बटणे दाबू नयेत. सर्व्हर परत आला की बहुधा काम जेथल्या तेथे पुढे सुरू होते.

एलटीएसपीची एक खोड सांगतो. नवा नोकर ठेवला, सर्व्हरवर त्याचे खाते उघडले. पण काउंटरवर त्याला ‘चुकीचा पासवर्ड’ असे उत्तर मिळते. पासवर्ड बरोबर असतो. वापरणाऱ्यांची यादी एका वेगळ्या गाठोड्यात बांधून संगणकांना पाठवली जाते आणि नवे खाते उघडल्यावर ‘एलटीएसपी इनिटआरडी’ हा हुकूम देऊन ते गाठोडे पुन्हा बांधावे लागते. सेटिंगची फाईल बदलली तरीही हेच. नवा प्रोग्राम टाकला असेल तर ‘एलटीएसपी इमेज’ हा हुकूम देऊन पूर्ण साचा पुन्हा तयार करावा लागतो. हे काम दुकान बंद झाल्यावरच करावे. जुना साचा मोडण्यापूर्वी बाजूला ठेवण्याची सोय त्यात आहे. ती वापरावी, म्हणजे नवा साचा बिघडला तर सकाळी जुन्यावर दुकान उघडता येते.

ज्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, त्यांचे बिनडिस्क संगणक लिनक्सवर चालू होऊन रिमोट डेस्कटॉपने विंडोज सर्व्हरला जोडले जातात. येथे लॉगिनची खिडकी आली पण हिशेब उघडला नाही, तर दोष चालू होण्याचा नव्हे. ३३८९ क्रमांकाचे पोर्ट आणि विंडोज सर्व्हरचे परवाने पाहावेत. जितके काउंटर जोडायचे तितके परवाने लागतात, हा खर्च आधीच धरावा.

जुन्या संगणकातील सेल

लोक हार्ड डिस्क काढतात, मेमरी वाढवतात. पण मदरबोर्डवरील रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, तसाच ठेवतात. तो संपला की वीज गेल्यावर संगणक आपली सेटिंग विसरतो. नेटवर्कवरून चालू होण्याचा पर्याय कारखान्यातून बहुधा बंदच असतो, म्हणून तो पुन्हा बंद होतो आणि संगणक नसलेली हार्ड डिस्क शोधत बसतो. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी ओळ येते आणि पीएक्सईचे नावही दिसत नाही. सोबत तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असते, त्यामुळे इंटरनेटवरील सुरक्षित पाने उघडत नाहीत आणि पोर्टलला दोष दिला जातो. जुने संगणक या कामास लावताना सर्वांचे सेल एकदम बदलून टाकावेत आणि सेटिंगमध्ये ‘नेटवर्क स्टॅक’ चालू करून नेटवर्कला पहिला क्रम द्यावा.

ही व्यवस्था स्वीकारताना एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. डिस्क एकच, म्हणजे ती बसली की सर्व काउंटर बसले. पूर्वी एक संगणक बिघडला तर बाकीचे चालत. म्हणून हिशेबाची नक्कल रोज रात्री वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि आठवड्यातून एकदा ती दुकानाबाहेर न्यावी. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने लावल्या आहेत, म्हणून नक्कल नको, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. चुकून पुसलेली खतावणी दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी पुसली जाते. शिवाय एका काउंटरच्या संगणकात हार्ड डिस्क राहू द्यावी, ज्यावर बिल करता येईल. सर्व्हर आजारी पडला त्या दिवशी तो एकटा दुकान सांभाळतो.

सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवावा. त्यावर प्रत्येक काउंटरच्या संगणकाच्या कार्डाचा मॅक क्रमांक, त्याची केबल स्विचच्या कितव्या भोकात जाते, तो बायोस की यूईएफआय, आणि सेल कधी बदलला ते लिहावे. केबलच्या दोन्ही टोकांना तोच आकडा कापडी पट्टीवर लिहून बांधावा, जसा आपण ताग्याला बांधतो. बॉलपेनची शाई फिकी पडते. तागे रंगवण्याचे मार्कर दुकानात असतेच, ते वापरावे.